महमूदाबादच्या घराची मालकी

लखनौच्या कैसरबागेतले महमूदाबाद हाऊस, त्याच शहरातला बटलर पॅलेस, हजरतगंजच्या हमरस्त्यावरच्या कित्येक इमारती आणि सीतापूर जिल्ह्यातला महमूदाबादचा किल्ला ही सारी एका घराण्याची मिळकत. तिची कागदपत्रे मात्र अनेक वर्षे मुंबईत होती. बॅलार्ड इस्टेटमधल्या कैसर-ए-हिंद इमारतीत ‘शत्रू मालमत्तेच्या अभिरक्षकां’ची, म्हणजे कस्टोडियनची कचेरी होती. लखनौतल्या एखाद्या भाडेकरूला छप्पर दुरुस्त करायचे असले, तरी परवानगीचा अर्ज शेवटी या कचेरीच्या अखत्यारीत जाई. महमूदाबादच्या वारसाला आपल्या वडिलांचे घर मागण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागला.

जुन्या घरांच्या मालकीचा इतिहास आपण सहसा खरेदीखते, वाटण्या, गहाणखते आणि भावकीतले दावे यांतून वाचतो. महमूदाबादच्या घराचे तसे नाही. इथे मालकी बदलली ती प्रत्येक वेळी राज्यकर्त्याच्या कागदाने: जप्तीचा जाहीरनामा, सनद, अधिसूचना, निकाल, वटहुकूम. हे कागद क्रमाने मांडले, की दीडशे वर्षांत सरकार आणि घर यांचे नाते कसे बदलत गेले ते दिसते.

अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह १८४७ मध्ये गादीवर आला आणि लगेच कैसरबागेच्या बांधकामाला लागला. दोनतीन वर्षांत मोठे चौरस आवार उभे राहिले. मध्ये बागा आणि सफेद बारादरी, चारी बाजूंनी बेगमांच्या आणि दरबारातल्या माणसांच्या राहण्यासाठी पिवळ्या रंगाच्या इमारतींच्या सलग ओळी. आवाराचे दोन दरवाजे आजही उभे आहेत. प्रत्येकी लाख रुपये खर्च झाला म्हणून लोक त्यांना लाखी दरवाजे म्हणतात, आणि त्यांच्या माथ्यावर अवधच्या राजचिन्हातली मासळी कोरलेली आहे. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीने अवध खालसा केले आणि वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला. पुढच्या वर्षी उठाव झाला. मार्च १८५८ मध्ये इंग्रजी फौजांनी लखनौ परत घेतले तेव्हा कैसरबाग शिपायांच्या हाती लागली. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल त्या वेळी तिथे होता. कपाटे फोडून दागिने, शाली, चिनी मातीची भांडी बाहेर फेकणारे, जे उचलता येत नाही ते आपटून फोडणारे शिपाई त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहेत.

महमूदाबादचे तालुकदार, म्हणजे मोठे जमीनदार, नवाब अली खान या उठावात वाजिद अली शाहची बेगम हजरत महल यांच्या बाजूने लढले आणि १८५८ मध्येच वारले. महमूदाबादचा जुना किल्ला इंग्रजांनी पाडला. त्याच मार्चमध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगने जाहीरनामा काढला: सहा जणांचा अपवाद वगळता अवधमधल्या सगळ्या जमिनींवरचे मालकीहक्क सरकारजमा. एका कागदाने संपूर्ण प्रांताची जमीन गेली. हा कागद फार काळ टिकणार नव्हता, कारण तालुकदारांशिवाय अवध शांत ठेवता येणार नाही हे इंग्रजांना लवकरच कळले. शरण आलेल्यांना जमिनी परत मिळू लागल्या. १८५९ मध्ये लखनौत दरबार भरवून कॅनिंगने तालुकदारांना सनदा दिल्या. नवाब अली खानांचे अल्पवयीन पुत्र अमीर हसन खान यांना महमूदाबादचा तालुका मिळाला. ज्या घराण्याने इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले होते, ते आता इंग्रजांच्याच सनदेवर मालक झाले.

कैसरबागेचे भवितव्यही याच सौद्यात ठरले. बेगमांच्या रिकाम्या इमारती तालुकदारांना शहरातली निवासस्थाने म्हणून वाटून दिल्या गेल्या. देखभाल त्यांनी करायची आणि अधूनमधून राजधानीत राहून सरकारच्या नजरेखाली असायचे. महमूदाबाद हाऊस त्यांपैकी एक. सफेद बारादरी तालुकदारांच्या संघटनेकडे, अंजुमन-ए-हिंदकडे गेली. नवाबाच्या महालाच्या आवारात जमीनदारांच्या बैठका भरू लागल्या.

मग १८६९ चा अवध इस्टेट्स कायदा आला. कोणाचा वारसा कोणत्या रीतीने चालेल याच्या याद्याच सरकारने केल्या. मोठ्या तालुक्यांत वाटण्या होऊ नयेत, गादी एका हाती राहावी, हा या व्यवस्थेचा हेतू. शंभर माणसांच्या घराण्याची दौलत एका नावाशी बांधली गेली. त्या काळी तालुकदारांना हे मोठे संरक्षण वाटले. पुढे याच एका नावाने सगळे गमावण्याची वेळ आली, म्हणून हा कायदा इथे लक्षात ठेवला पाहिजे.

या दौलतीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. तालुकदारांचे वाडे कुळांच्या खंडावर उभे होते. खंडाशिवाय नजराणा, वेठ आणि कधीही जमिनीवरून काढून टाकण्याची धास्ती हे अवधच्या कुळाचे रोजचे जगणे होते. १९२० मध्ये त्याविरुद्ध अवध किसान सभा उभी राहिली. तिचे नेतृत्व करणारे बाबा रामचंद्र हे मूळचे मराठी. खरे नाव श्रीधर बळवंत जोधपूरकर. फिजीत गिरमिटिया मजूर म्हणून राबून परतलेला हा माणूस प्रतापगढ, रायबरेलीच्या गावांत तुलसीदासांचे रामायण सांगत कुळांना एकत्र करत हिंडला. महमूदाबादच्या घराविषयी मी पुढे सहानुभूतीने लिहिणार आहे. ते लिहिताना मला बाबा रामचंद्रांची ती कुळे विसरायची नाहीत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गादीवर आले मोहम्मद अली मोहम्मद खान. सरकारने पुढे त्यांना महाराजा ही पदवी दिली. इंग्रजांशी मैत्री आणि राष्ट्रीय राजकारण दोन्ही ते सांभाळून होते. मुस्लिम लीगचे ते वजनदार पुढारी. १९१६ च्या डिसेंबरमध्ये लखनौत काँग्रेस आणि लीगची अधिवेशने शेजारी शेजारी भरली आणि लखनौ करार झाला. मंडालेहून सुटून आलेले टिळक त्या करारामागे ठामपणे उभे राहिले, ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत असते. लीगच्या बाजूने जी मंडळी हा समझोता घडवत होती त्यांत महमूदाबादचे राजे होते. लखनौला विद्यापीठ हवे अशी मागणी ‘पायोनियर’ या वृत्तपत्रात लेख लिहून त्यांनीच लावून धरली. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून १९२० मध्ये त्यांची नेमणूक झाली. लखनौतला बटलर पॅलेस याच काळातला. त्याला नाव मिळाले ते संयुक्त प्रांताचे गव्हर्नर झालेल्या हारकोर्ट बटलर यांचे.

मुंबईच्या बॅरिस्टर जिनांशी या घराचा स्नेह मोहम्मद अली मोहम्मद खानांपासूनचा. एप्रिल १९१८ मध्ये जिनांनी पारशी घराण्यातल्या रत्ती पेटिट यांच्याशी लग्न केले, तेव्हा मलबार हिलवर मोठा गहजब झाला. नवे जोडपे नैनितालला गेले आणि तिथे महमूदाबादच्या राजांच्या घरी उतरले.

महाराजा १९३१ मध्ये वारले. पुत्र अमीर अहमद खान तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचे. वडिलांच्या मित्राला, जिनांना, ते काका मानत. जिनांनी लीगची नव्याने बांधणी सुरू केली तेव्हा हा तरुण राजा कार्यकारिणीतला सगळ्यांत लहान सदस्य झाला आणि पुढे खजिनदार. ऑक्टोबर १९३७ मध्ये लीगचे अधिवेशन लखनौत भरले. स्वागताचा भार महमूदाबादने उचलला होता. विलायती सुटातले बॅरिस्टर जिना याच अधिवेशनात प्रथम शेरवानी आणि काराकुल टोपी घालून लोकांसमोर आले. लीग मूठभर जमीनदारांचा आणि वकिलांचा पक्ष न राहता जमावाचा पक्ष होऊ लागली ती इथून. पाकिस्तानच्या मागणीला लागलेल्या पैशात महमूदाबादचा पैसा होता, हे निर्विवाद.

पण पाकिस्तान झाले तेव्हा राजा तिकडे गेले नाहीत. ते इराकला गेले आणि जवळजवळ दहा वर्षे कर्बला, बगदाद या शिया पंथाच्या पवित्र भूमीत राहिले. पत्नी आणि १९४३ मध्ये जन्मलेला एकुलता मुलगा, दोघे भारताचेच नागरिक राहिले. पुढे राजांनी आपल्या आठवणींचा एक लेख लिहिला. जिनांशी झालेले मतभेद त्यात सांगितले आहेत आणि आपण तरुणपणी धरलेला धर्मराज्याचा आग्रह चुकीचा होता अशी स्वच्छ कबुली दिली आहे. फाळणी ज्यांनी घडवली त्यांतल्या फार थोड्यांनी असे लिहिले.

फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्यांची मालमत्ता भारतात ‘निष्क्रांत मालमत्ता’ ठरली. ती ताब्यात घेऊन तिकडून आलेल्या हिंदू-शीख निर्वासितांच्या भरपाईसाठी वापरली गेली. राजांची मिळकत मात्र त्यांच्याच नावावर राहिली. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशात जमीनदारी संपली आणि तालुक्याची शेतजमीन गेली. बाबा रामचंद्रांच्या लढ्याचे फळ तीस वर्षांनी पदरात पडले, ते योग्यच झाले. वाडे, किल्ला, लखनौची घरे आणि दुकाने उरली.

१९५७ मध्ये राजांनी पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले. तिथल्या राजकारणात त्यांचे मन रमले नाही. पुढे ते लंडनला गेले आणि रीजंट्स पार्कच्या इस्लामिक कल्चरल सेंटरचे संचालक झाले. पण पासपोर्ट पाकिस्तानचा होता. घराच्या पुढच्या इतिहासाला तेवढे एक कारण पुरले.

सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध पेटले. १० सप्टेंबरला भारत सरकारने संरक्षण नियमांखाली अधिसूचना काढली. पाकिस्तानी नागरिकांची भारतातली स्थावर मालमत्ता कस्टोडियनच्या ताब्यात गेली. १८६९ च्या कायद्याने बांधलेली ती एका नावाची गाठ आता आवळली गेली. लखनौ, सीतापूर, नैनिताल इथली राजांच्या नावावरची एकूण एक मिळकत ‘शत्रू मालमत्ता’ झाली. किल्ल्याला सरकारी सील लागले. आत मुहर्रमच्या मजलिसी व्हायच्या, पिढ्यान् पिढ्या जमवलेला ग्रंथसंग्रह होता, आणि घरात राहणारी माणसे भारताची नागरिक होती. कागदावर त्यांचे अस्तित्व नव्हते, कारण तिथे नाव एकाचेच होते.

जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारात दोन्ही देशांनी एकमेकांकडच्या जप्त मालमत्तेबद्दल बोलणी करण्याचे मान्य केले होते. ती बोलणी पुढे सरकलीच नाहीत. भारताने १९६८ मध्ये शत्रू मालमत्ता कायदा करून तात्पुरत्या व्यवस्थेला कायमचे रूप दिले. पाकिस्तानने आपल्याकडची भारतीयांची मालमत्ता १९७१ मध्ये विकून टाकली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी लढाई तिच्यावर झाली. कस्टोडियनच्या हाती मालमत्ता येते म्हणजे काय येते? ताबा, व्यवस्था, भाडेवसुली, की खुद्द मालकी? युद्धकाळात शत्रूला आपल्या देशातल्या मालमत्तेचे उत्पन्न मिळू नये एवढाच अशा कायद्यांचा मूळ हेतू असतो. युद्ध संपले की हिशेब व्हायचा असतो.

राजे ऑक्टोबर १९७३ मध्ये लंडनमध्ये वारले. दफन इराणातल्या मशहदला झाले. मुलगा मोहम्मद अमीर मोहम्मद खान, लखनौकरांचे सुलेमान मियाँ, केंब्रिजमध्ये गणित आणि खगोलशास्त्र शिकलेले. वडील गेल्यावर त्यांनी सरकारकडे सरळ मागणी केली: शत्रू आता हयात नाही, वारस भारतीय आहे, घर परत द्या.

त्यावर सरकारला आठ वर्षे लागली. १९८१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चतुर्थांश मालमत्ता मोकळी करायचे ठरवले, पण आधी वारस असल्याचे न्यायालयातून सिद्ध करून आणा असे सांगितले. सुलेमान मियाँ लखनौच्या दिवाणी न्यायालयात गेले. जुलै १९८६ मध्ये तेच एकमेव वारस असल्याचा हुकूमनामा झाला. दरम्यान १९८५ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये महमूदाबाद मतदारसंघाने त्यांना काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेत पाठवले. लखनौच्या विधानभवनात ते आमदार म्हणून शपथ घेत होते, आणि त्याच शहरातले त्यांचे घर शत्रूचे म्हणून सरकारकडे होते. हुकूमनामा हाती असूनही चतुर्थांशसुद्धा मिळाले नाही.

शेवटी ते १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आले, कारण कस्टोडियन मुंबईत. २००१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ ऑक्टोबर २००५ रोजी तिथेही हरले. न्यायालयाने कायद्यातली ‘शत्रू’ची व्याख्या वाचून दाखवली: तिच्यात भारताचा नागरिक बसत नाही. कस्टोडियनकडे ताबा आणि व्यवस्थापन येते, मालकी शत्रूकडेच राहते. मालक मेल्यावर ती वारसाकडे जाते, आणि वारस भारतीय असेल तर मालमत्ता शत्रूची राहत नाही. वाड्यांचा ताबा परत देण्याचा आदेश झाला. चाळीस वर्षांनी बटलर पॅलेस, किल्ला, हजरतगंजच्या इमारती, नैनितालचे मेट्रोपोल हॉटेल अशा मिळकतींच्या किल्ल्या घराण्याकडे येऊ लागल्या. काही बंगल्यांत सरकारी अधिकारी राहत होते, दुकानांत जुन्या, नाममात्र भाड्याने पिढ्या काढलेले भाडेकरू होते. त्यांच्या मनातली भीतीही खरी होती. मालक परत आल्यावर आपले काय, हा प्रश्न हजरतगंजच्या गल्ल्यांत त्या दिवसांत घरोघर होता.

हा आनंद पाच वर्षेही टिकला नाही. निकालाचा आधार घेऊन देशभर इतर वारस पुढे येऊ लागले. सरकारला वाटले की हजारो मालमत्ता हातच्या जाणार. २ जुलै २०१० रोजी वटहुकूम निघाला आणि परत मिळालेल्या मिळकती कस्टोडियनने पुन्हा ताब्यात घेतल्या. वटहुकूम सप्टेंबरमध्ये बाद झाला. वारस भारतीय असेल तर त्याचे हक्क राखणारे विधेयक आले, तेही मंजूर न होता विरले. ताबा मात्र फिरून आला नाही.

७ जानेवारी २०१६ ला नव्या सरकारने पुन्हा वटहुकूम काढला. संसदेत विधेयक अडकले म्हणून वर्षभरात तो एकूण पाच वेळा काढावा लागला. मार्च २०१७ मध्ये कायदा झाला. तो वाचताना नजर थबकते. ‘शत्रू’च्या व्याख्येत आता शत्रूचा कायदेशीर वारसही आला, मग तो भारताचा नागरिक असो वा नसो. वारसा कायदे शत्रू मालमत्तेला लागू नाहीत. शत्रू मेला तरी मालमत्ता कस्टोडियनचीच. दिवाणी न्यायालयांना या बाबतीत दावे ऐकण्याचा अधिकार नाही. आणि हे सारे मागच्या तारखेपासून, इतके मागचे की आधी झालेले निकालही निष्प्रभ व्हावेत. सरकारचे म्हणणे असे, की मूळ कायद्याचा हेतू हाच होता, न्यायालयाने केलेल्या अर्थामुळे तो बिघडला होता. पाकिस्तानी नागरिकांच्या नऊ हजारांहून अधिक आणि चिनी नागरिकांच्या सव्वाशेच्या आसपास मालमत्ता अशा गणतीत होत्या, त्यांची किंमत एक लाख कोटी रुपयांच्या घरात सांगितली जात होती. महमूदाबादच्या मिळकती त्यांत नऊशेच्या वर.

फाळणीचा पैसा ज्या घरातून गेला त्या घराला किंमत मोजावी लागली तर बिघडले काय, असे अनेकांनी त्या वेळी बोलून दाखवले. हा राग मी समजू शकतो. पण राजा अमीर अहमद खानांनी जे केले त्याची शिक्षा अशा माणसाला का, जो फाळणीच्या वेळी चार वर्षांचा होता, ज्याने भारताचे नागरिकत्व सोडले नाही आणि ज्याला इथल्या मतदारांनी दोनदा निवडून दिले? बापाच्या पासपोर्टवरून मुलाचे नागरिकत्व दुय्यम ठरत असेल, तर तो धोका एका राजघराण्यापुरता राहत नाही. भोपाळच्या नवाबांच्या मालमत्तेवरही हाच कायदा येऊन ठेपला, कारण थोरली कन्या आबिदा सुलतान १९५० मध्ये पाकिस्तानात गेली होती. बाकीच्या हजारो मिळकतींत बहुसंख्य साधी घरे, दुकाने, शेताचे तुकडे आहेत, आणि त्यांच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत नाही. कॅनिंगनेसुद्धा शरण आलेल्या वैऱ्याच्या मुलाला सनद दिली होती.

कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. ते चालू असतानाच ऑक्टोबर २०२३ मध्ये सुलेमान मियाँ वारले. त्याच वर्षी नैनितालच्या मेट्रोपोलच्या आवारातल्या वस्तीवर प्रशासनाने बुलडोझर चालवले आणि तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारी कुटुंबे रस्त्यावर आली. दुसरीकडे २०१८ च्या नियमांनुसार शत्रू मालमत्ता विकण्याची प्रक्रिया सुरू झाली होती.

मालकीचा प्रश्न मात्र एका अगदी साध्या वाटेने पुन्हा सर्वोच्च न्यायालयात पोचला. हजरतगंजमध्ये महमूदाबादच्या एका इमारतीत भाड्याने असलेल्या व्यावसायिकाकडे लखनौ महापालिकेने घरपट्टी मागितली. भाडेकरूचे म्हणणे, ही शत्रू मालमत्ता, म्हणजे केंद्र सरकारची. आणि केंद्राच्या मालमत्तेवर राज्यघटनेप्रमाणे स्थानिक कर लागत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते मानले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. कस्टोडियन विश्वस्त आहे. मालमत्ता त्याच्या हाती येते ती जपण्यासाठी आणि चालवण्यासाठी. त्यामुळे ती केंद्र सरकारच्या मालकीची होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. २०१७ च्या कायद्याने वारसाचा रस्ता बंद केला आहे, आणि या निकालाप्रमाणे केंद्रही मालक नाही. घरपट्टी भरण्याची जबाबदारी मात्र ठरली. महापालिकेला ती वसूल करता येईल, असे न्यायालयाने ठरवले.